किरायाची जागा आणि कायद्याचा आधार

३१ मार्च २००० रोजी मराठवाड्यातल्या भाडेकरूचा कायदा बदलला. त्या दिवसापर्यंत इथे हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा चालत होता. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. घरभाड्याच्या बाबतीत मात्र हा भाग आणखी चाळीस वर्षे हैदराबादेतच राहिला. त्याच काळात मुंबई-पुण्याच्या भाडेकरूला १९४७ चा मुंबई कायदा होता आणि नागपूर-अमरावतीच्या भाडेकरूला मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश. एका राज्यात भाडेकरूंच्या तीन जाती होत्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने हे तिन्ही कायदे रद्द करून सगळ्यांना एका छपराखाली आणले.

ही पुस्तिका त्या कायद्याबद्दल आहे, आणि ती मराठवाड्यातल्या परंडा या तालुक्याच्या गावात बसून लिहिली आहे, हे मुद्दाम सांगतो. भाडेकरूंच्या हक्कांवर मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक मुंबईच्या चाळी, पगडीची घरे आणि पुनर्विकास यांच्याभोवती फिरते. ते वाचून परंड्याच्या पेठेत दहा बाय बाराच्या गाळ्यात शिवणयंत्र चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तालुक्याच्या गावातला किरायादार वेगळा असतो. बदली होऊन आलेले शिक्षक आणि एसटीचे कर्मचारी, खेड्यातून शिकायला आलेली मुले, बसस्थानकाजवळचे झेरॉक्सवाले, बाजारात दोन पिढ्यांपासून बसलेले किराणा दुकानदार, हे सगळे यात येतात. यांच्यापैकी अनेकांचा व्यवहार तोंडी ठरलेला असतो. महिन्याला पैसे हातात द्यायचे, मालकाने वहीत टिपायचे, असे वर्षानुवर्षे चालते. ओळखीच्या गावात पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे समजले जाते.

मग एके दिवशी मालकाचा मुलगा पुण्याहून येतो, किंवा शेजारच्या जागेला दुप्पट भाडे मिळाल्याचे कानावर येते, किंवा वाड्याची वाटणी होते. निरोप येतो : पुढच्या महिन्यापासून अमुक इतका किराया द्या, नाहीतर जागा मोकळी करा. परंड्यासारख्या गावात माणसे न्यायालयाच्या हुकमाने क्वचितच बाहेर पडतात. ती अशा निरोपाने बाहेर पडतात, कारण मालक म्हणाला म्हणजे निघावे लागते असे त्यांना खरोखर वाटते.

तसे नाही, हे या पुस्तिकेचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे. कलम १५ सांगते की भाडेकरू प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने धरलेले मूळ भाडे, व कायद्याने परवानगी दिलेली वाढ देत असेल किंवा द्यायला तयार असेल, आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाळत असेल, तर मालकाला जागेचा कब्जा मागता येत नाही. मागायचा असेल तर कलम १६ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. परंड्यात हा दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतो आणि त्यावरचे अपील जिल्हा न्यायालयात जाते. जुन्या कायद्याखाली अशी प्रकरणे महसूल खात्यातल्या भाडे नियंत्रकापुढे चालत, त्यामुळे काही वडीलधारी माणसे अजूनही तहसील कार्यालयाची वाट धरतात. तिथे आता काही होत नाही. पोलीस ठाण्यातही भाड्याचा वाद मिटवण्याचा अधिकार कुणाला नाही. हुकूमनाम्याशिवाय कब्जा देववण्याचे काम पोलिसांचे नाही.

न्यायालयात न जाता जागा मोकळी करण्याचे जे मार्ग वापरले जातात ते सगळ्यांना माहीत आहेत. शटरला दुसरे कुलूप लावतात, मोटार बंद करून पाणी तोडतात किंवा मीटरची वायर काढतात. कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातला दिवा, स्वच्छतेची सोय अशा आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या पुन्हा सुरू करून घेण्यासाठी भाडेकरूला थेट न्यायालयात अर्ज करता येतो. वीज जोडणीचा हक्क तर जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही आहे. घरमालक ना हरकत दाखला देत नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०२२ मध्ये सांगितले आहे. कुलूप लावून किंवा सामान रस्त्यावर काढून कब्जा घेतलाच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ६ उपयोगी पडते. कायदेशीर मार्ग सोडून ज्याला बाहेर काढले त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केला, तर मालकी कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून न्यायालय त्याला कब्जा परत देऊ शकते. ही सहा महिन्यांची मुदत टाळता येत नाही. मध्यस्थांच्या बैठकांत, 'दिवाळीनंतर बघू' म्हणण्यात ती निघून जाते.

आता भाडेवाढ. या विषयावर इतका गैरसमज आहे की थोडे मागे जावे लागेल. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हाच पाया धरला होता. महायुद्धाच्या आणि फाळणीच्या काळात घरांची टंचाई होती तेव्हा ते योग्यच होते, पण पुढे पन्नास वर्षे भाडे तिथेच थिजले. वाड्याच्या दुरुस्तीला लागणारे चुन्याचे पैसेही भाड्यातून निघेनात. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की असे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायकारक आणि मनमानी ठरले आहे. नव्या कायद्याला गती मिळाली ती त्या निकालाने. म्हणून १९९९ च्या कायद्यात दोन्ही बाजूंचा विचार आहे : मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क कलम ११ ने दिला, शिवाय जागेत सुधारणा केल्यास किंवा कर वाढल्यास त्यापोटी वेगळी वाढ मागण्याची सोय ठेवली. भाडे महिना २,००० रुपये असेल तर चार टक्क्यांची वाढ ८० रुपये होते. एका निरोपावर २,००० चे ५,००० होत नाहीत.

प्रमाण भाडे किती, हे मात्र प्रत्येक जागेचे वेगळे निघते. इमारत कधीची, पहिल्यांदा कधी भाड्याने दिली, १ ऑक्टोबर १९८७ रोजी तिचे भाडे काय होते, आधी कुठल्या अधिकाऱ्याने ते ठरवून दिले होते का, यावर ते अवलंबून असते. वाद असेल तर कलम ८ खाली न्यायालयाकडून ते ठरवून घेता येते. प्रमाण भाडे आणि परवानगी असलेली वाढ यांच्यापेक्षा जास्त रक्कम वसूल करणे कायद्याने गुन्हा आहे. दरवर्षीची ४ टक्के वाढ न देता जुनाच आकडा धरून बसणारा भाडेकरूही सुरक्षित नाही, हेही लक्षात ठेवावे. कलम १५ चे संरक्षण 'भाडे आणि परवानगी दिलेली वाढ' देणाऱ्याला आहे.

भाडे थकले म्हणून कुणाला लगेच दावा लावता येत नाही. मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. दावा दाखल झालाच, तर समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के दराने सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, आणि पुढे निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावरून जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. इतकी सवलत असूनही या मुदती चुकल्यामुळे माणसे जागा गमावतात. नोटीस पोस्टमनकडून घ्यायची नाही, म्हणजे प्रकरण पुढे जात नाही, अशी एक समजूत आहे. नाकारलेली नोटीस मिळालेलीच धरली जाते. मालक भाडे घ्यायलाच नकार देत असेल, आणि थकबाकी दाखवण्यासाठी असे केले जाते, तर पैसे घरात ठेवू नयेत. मनीऑर्डरने, धनादेशाने किंवा मोबाइलवरून त्याच्या खात्यात पाठवावेत आणि परत आले तर त्याचा पुरावा जपून ठेवावा.

परंडा तालुक्यात आणखी एक अडचण आहे, जी मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. इथून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. ज्यांनी गावात किरायाने खोली घेतलेली असते त्यांची खोली तेवढे महिने कुलूपबंद राहते. कलम १६ मधल्या कारणांत एक असे आहे : दाव्याच्या लगतआधीचे सलग सहा महिने जागा, ज्या कामासाठी दिली त्यासाठी, वाजवी कारणाशिवाय वापरली नसेल तर कब्जा मागता येतो. पोटासाठी कारखान्याच्या फडात जाणे हे वाजवी कारण आहे असे मी ठामपणे मानतो, आणि न्यायालयापुढेही तसे मांडता येते. पण मांडायला माणूस हजर हवा. कुलूपबंद खोलीच्या दारावर समन्स चिकटवले जाते, ९० दिवस संपतात, दावा एकतर्फी चालतो, आणि एप्रिलमध्ये बैलगाडी किंवा ट्रॅक्टर गावात शिरतो तेव्हा हुकूमनामा झालेला असतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे आणि समन्स नीट बजावले नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते. तरी त्यापेक्षा सोपी वाट हीच की जाण्यापूर्वी भाडे पाठवण्याची व्यवस्था लावावी, खोलीत सामान ठेवावे, घरातले कुणी मागे राहत असेल तर तिथेच राहू द्यावे, आणि कुठे जातो, कधी परतणार हे मालकाला लेखी कळवून त्याची प्रत ठेवावी.

मालकाला खरोखर स्वतःसाठी जागा हवी असेल तर? कायद्याने त्याचा हा हक्क मान्य केला आहे आणि तो असायलाच हवा. निवृत्त होऊन गावी परतलेल्या माणसाला स्वतःच्या घरात राहता येऊ नये, हे कुणाला पटेल? पण गरज खरी आणि वाजवी आहे हे त्याला दाखवावे लागते, आणि पुढे न्यायालय त्रास कोणाला जास्त होईल याची तुलना करते. हुकूमनामा दिल्याने भाडेकरूचे होणारे नुकसान तो न दिल्याने मालकाच्या होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे ठरले, तर हुकूम होत नाही. काही वेळा जागेच्या एका भागापुरताच हुकूम होतो. इथे भाडेकरूचे साक्षीपुरावे महत्त्वाचे : पर्यायी जागा शोधली का, कुठे, किती भाडे सांगितले, गिऱ्हाईक या जागेशी किती बांधलेले आहे. नुसते 'मला दुसरी जागा नाही' म्हणून भागत नाही. आणि स्वतःसाठी म्हणून जागा घेऊन मालक महिनाभरात तिथे आला नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू कब्जा परत मिळण्यासाठी तेरा महिन्यांत अर्ज करू शकतो. हे कलम १७ फार थोड्यांना माहीत आहे.

परंड्यात जुने माळवदाचे वाडे आहेत, दगड-मातीच्या भिंतींचे. त्यांच्या पडझडीचा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, आणि सप्टेंबर २०२५ च्या सीना नदीच्या पुरानंतर तर तालुक्याला पडलेल्या भिंती नव्या नाहीत. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने केली नाही तर किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नाही. इमारत धोकादायक ठरवून पाडायची झाली तरी भाडेकरूचा हक्क ढिगाऱ्याखाली गाडला जात नाही. इमारत पाडली म्हणून भाडेपट्टा आपोआप संपत नाही, जमीनही भाड्याच्या जागेचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. म्हणून जागा सोडण्याआधी मोजमाप, फोटो, नगरपरिषदेचा कागद आणि मालकाचे लेखी आश्वासन हातात असावे.

कागदावर आता थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सगळे प्रकरण शेवटी तिथे येऊन थांबते. गावात 'अकरा महिन्यांचा करार' सर्रास केला जातो. वर्षापेक्षा कमी मुदत ठेवली की नोंदणी लागत नाही, हा त्यामागचा हिशेब. १९०८ च्या नोंदणी कायद्यापुरते ते खरे होते. महाराष्ट्रात २००० पासून कलम ५५ आहे : भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास शिक्षाही त्यालाच आहे. नोंदलेला लेखी करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. नोटरीचा शिक्का मारलेला स्टँप पेपर म्हणजे नोंदणी नव्हे. भाड्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. ती मागायला संकोच करू नये.

सर्वांत मोठा धोका नव्या कागदात असतो. वीस-तीस वर्षांच्या किरायादाराला मालक म्हणतो, 'बँकेला दाखवायला एक कागद करून घेऊ, सही करा.' कागदावर लिव्ह अँड लायसन्स लिहिलेले असते. सही झाली की जुना भाडेपट्टा सोडून दिल्याचा पुरावा तयार होतो. राहण्याच्या जागेचे लायसन्स संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जलद कारवाई होते, बचाव करण्यासाठीसुद्धा तीस दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि जागा न सोडल्यास लायसन्स फीच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. वर सांगितलेले कलम १५ आणि १६ चे कवच तिथे उरत नाही. न वाचता, वकिलाला न दाखवता असल्या कागदावर सही करू नका.

काही जागा या कायद्याच्या बाहेर आहेत, त्या थोडक्यात. नगरपरिषदेचे गाळे आणि सरकारी जागा यांना तो लागू नाही. गाळेधारकाने लिलावाच्या अटी आणि नगरपरिषदेचे नियम पाहावेत. वक्फ मालमत्तेवरील भाडेकरूचे वाद २०१३ च्या दुरुस्तीनंतर वक्फ न्यायाधिकरणाकडे जातात. एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या आणि बँका भाडेकरू असतील तर त्यांनाही हे संरक्षण नाही. शेतजमिनीच्या कुळाचा कायदा अगदी निराळा, हैदराबाद कूळ कायदा १९५० चा, आणि त्याचा इथे विचार केलेला नाही. शिवाय भाडे नियंत्रण कायदा प्रत्येक वाडीवस्तीला लागू नसून त्याच्या अनुसूचींत दिलेल्या भागांना लागू आहे. म्हणून आपली जागा त्या हद्दीत येते का, हे वकिलाच्या पहिल्या भेटीतच पाहून घ्यावे. येत नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागतो आणि महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. तिथेही कुलूप तोडून कब्जा घेण्याची मुभा मात्र कुणाला नाही.

भाडेकरूंनाही दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. बारा वर्षे राहिले की जागा आपली होते, ही समजूत चुकीची आहे. भाडे देऊन राहणारा पन्नास वर्षे राहिला तरी भाडेकरूच राहतो, आणि मालकाची मालकी नाकारू लागला तर स्वतःचेच नुकसान करून घेतो. तसेच परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, पक्के बांधकाम करणे, वडील गेल्यावर जागा बंद ठेवून बसणे, यांना कायद्याचे पाठबळ नाही. वडिलांबरोबर दुकानात बसणारा मुलगा त्यांच्यामागे भाडेकरू होतो. जागा अडवून बसणारा भाडेकरू गावातल्या प्रत्येक प्रामाणिक भाडेकरूची पत घालवतो, आणि मग मालक जागा रिकामी ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत.

केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला, त्यातली दोन महिन्यांच्या अनामत रकमेची मर्यादा अनेकांनी मोबाइलवर वाचलेली असते. तो राज्यांसाठी नमुना आहे. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो आणि ही पुस्तिका त्यावरच आधारलेली आहे.

वकिलाच्या फीच्या भीतीने कुणी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, पूर किंवा भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असेल तर. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे न्यायालयाच्या आवारातच करायचा असतो. फोनवरून माहिती हवी असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. नोटीस आली असेल तर पाकिटावरची तारीख आधी लिहून ठेवा, आणि ही पुस्तिका पूर्ण वाचण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तिथे जा.